पाहुणचार शिकायला मुले का येतात? बारावीनंतरच्या एका ओळखवर्गाचे परीक्षण

मालवण आणि कुडाळ यांच्या मधल्या पट्ट्यात, एका मध्यम आकाराच्या निवासी हॉटेलात, हॉटेल व्यवस्थापनाचा चार आठवड्यांचा ओळखवर्ग दर उन्हाळ्यात चालतो. यंदा माझ्या कनिष्ठ महाविद्यालयातील सहा मुलेमुली तेथे गेली होती. बारावीची परीक्षा झालेली, निकालाची वाट पाहणे चालू आणि पुढे काय हा विषय घरात रोज जेवणाच्या वेळी निघणारा, नेमक्या अशा दिवसांत हा वर्ग भरतो. शुल्क ४,५०० रुपये असून त्यात ॲप्रन, टोपी आणि स्वयंपाकाचे सर्व साहित्य येते. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी दीड. वर्गशिक्षिका म्हणून मी तीन वेळा तेथे पूर्ण सकाळ बसले आणि शेवटच्या दिवशीच्या पालकभोजनालाही गेले. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण काही उणिवा मोकळेपणाने लिहायच्या आहेत आणि त्या सुधारण्याची तयारी तेथील लोकांनी माझ्यासमोर दाखवली आहे. स्वयंपाकघराचे शिक्षण उत्तम, खोल्यांच्या व्यवस्थेचे चांगले आणि पुढील शिक्षणाविषयीचे मार्गदर्शन कच्चे, असे माझे एकंदर मत झाले आहे.

वर्गाची सुरुवात मला फार आवडली. पहिल्या दिवशी प्रशिक्षक बाईंनी प्रत्येकाला कोरा कागद देऊन ‘मी येथे का आलो’ एवढ्याच विषयावर मराठीत अर्धे पान लिहायला सांगितले. मुलांच्या संमतीने माझ्या सहाही विद्यार्थ्यांचे कागद मला वाचायला मिळाले. गेली कित्येक वर्षे मी या मुलांना शिकवते, पण हॉटेलच्या शिक्षणाकडे मुले का वळतात याविषयी माझ्या मनात जे ठरून गेले होते, ते त्या सहा अर्ध्या पानांनी बरेचसे मोडून काढले.

एका मुलाची आई बाजारपेठेत खानावळ चालवते. त्याने लिहिले होते, ‘मी पाचवीत असल्यापासून आईच्या खानावळीत वाढतो. पण मी केले त्याला कोणी काम म्हणत नाही, मदत म्हणतात. मला ते काम म्हणून शिकायचे आहे.’ देवबागच्या एका मुलीच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. तिचे वाक्य असे होते: ‘आमच्याकडचे पाहुणे पुन्हा येतात ते समुद्रासाठी की आमच्यासाठी, हे मला कळत नाही आणि ते मला कळून घ्यायचे आहे.’ दोन मुलांनी क्रूझच्या बोटीवरची नोकरी हेच कारण दिले होते. त्यांपैकी एकाच्या आतेभावाने बोटीवरच्या पगारातून घरावर स्लॅब टाकली आहे आणि गावात त्या स्लॅबइतकी बोलकी जाहिरात दुसरी नाही. एका मुलीने प्रामाणिकपणे लिहिले होते की विज्ञान शाखा घेऊन चूक झाली, आता गणित नको, म्हणून इकडे आले. सहाव्या मुलाला वडिलांनी पाठवले होते. मोबाइल तरी हातातून सुटेल, हे वडिलांचे कारण. मात्र त्याच्या खाली त्याने स्वतःची एक ओळ जोडली होती की त्याला एका जागी बसवत नाही आणि हाताने काही केले की बरे वाटते.

शिक्षकांच्या खोलीत आम्ही या विषयावर बोलतो तेव्हा पगार, परदेश आणि कमी गुण ही तीनच कारणे निघतात. ती खोटी नाहीत, सहापैकी तीन कागदांवर ती होतीच. परंतु उरलेल्या तीन कागदांवर जे होते ते अधिक टिकाऊ आहे, असे चार आठवड्यांनंतर मला ठामपणे वाटते. घरात पाहिलेले आणि केलेले काम, त्या कामाला नाव आणि मान मिळावा ही इच्छा, आणि हाताने करण्यातला आनंद या गोष्टी माहितीपत्रकात छापता येत नाहीत. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो आणि त्या अभिमानाची दुसरी बाजू अशी की चांगले गुण मिळालेल्या मुलाने हॉटेलचे शिक्षण घेतो म्हटले की घरच्यांना ते गुण वाया गेल्यासारखे वाटतात. खानावळवाल्या आईचीच पहिली प्रतिक्रिया मला आठवते. ती म्हणाली होती, ‘बाई, ह्या काम आमी जन्मभर केलाव. त्याचा शिक्षण कित्याक व्हया?’

तिच्या प्रश्नात अनुभवाचा भार आहे आणि त्याला झटकून उत्तर देता येत नाही. कोकणातल्या घरांनी पाहुण्यांना जेवू घालणे काही काल सुरू केले नाही. गिरणगावातल्या कामगारांना महिन्याच्या हिशेबावर दोन वेळचे डबे आणि ताटे पुरवणाऱ्या बायकांमध्ये गाव सोडून आलेल्या कितीतरी होत्या. त्या खानावळवाल्यांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले, तेव्हा कुठे ‘घरगुती जेवण’ हा व्यवसाय आहे हे कागदावर मान्य झाले. दादरची हॉटेल व्यवस्थापनाची जी संस्था आज देशभर नावाजलेली आहे, तीसुद्धा १९५४ मध्ये लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने, महिलांच्या अन्नविषयक संघटनेच्या कामातून सुरू झाली. म्हणजे आपण ज्या शिक्षणाला परके आणि चकचकीत समजतो, त्याच्या मुळाशी बायकांचे स्वयंपाकघरच आहे. हे दोन्ही संदर्भ वर्गात कोणीच सांगितले नाहीत. पहिल्याच दिवशी ते सांगितले असते तर खानावळीतल्या त्या मुलाची मान निश्चित उंचावली असती.

आता स्वयंपाकघराविषयी, कारण या वर्गाचे खरे बळ तेथे आहे. दुसऱ्या आठवड्यातल्या एका सकाळी मी गेले तेव्हा ओट्यावर एक अख्खी सुरमई ठेवलेली होती. शेफनी ती आधी तोलायला लावली, भरली २ किलो ४०० ग्रॅम. मग खानावळवाल्या मुलाला पुढे बोलावून ती साफ करायला सांगितले. त्याचा हात इतका सराईत होता की बाकीची मुले सुरी धरायची विसरून बघत राहिली. पोट काढून, कल्ले काढून, डोके आणि शेपूट बाजूला ठेवून त्याने तुकड्या पाडल्या. शेफनी त्या तुकड्या पुन्हा तोलायला लावल्या, तेव्हा त्या १ किलो ७०० ग्रॅम भरल्या. त्यानंतर त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. सुरमई ७०० रुपये किलोने घेतली, म्हणजे मासळीला १,६८० रुपये गेले. अख्ख्या मासळीच्या भावाने पाहिले तर शंभर ग्रॅमची तुकडी ७० रुपयांना पडते असे वाटते. पण हातात तुकड्या आल्या सतराच, म्हणून प्रत्येक तुकडी खरे तर सुमारे ९९ रुपयांना पडली. डोक्याचे कालवण होते, त्यामुळे सगळेच वजन वाया जात नाही, हेही त्यांनी लगेच सांगितले. कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत राखावा, हा व्यवसायातला ठोकताळा त्यांनी त्या आकड्याला लावून दाखवला आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते तेव्हा हाच हिशेब कसा बदलतो, तेही करून घेतले.

तो मुलगा बराच वेळ फळ्याकडे पाहत उभा होता. नंतर चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन म्हणाला, ‘बाई, आई आजवर तुकडी सत्तरच्याच हिशेबाने धरत आली आहे.’ त्याच्या बोलण्यात आईविषयी कमीपणाचा सूर नव्हता. इतकी वर्षे ती किती थोड्या नफ्यावर राबली, हे त्याला त्या क्षणी आकड्यात दिसले होते. पुढे शिकण्याची ओढ म्हणजे काय, हे मी इतक्या जवळून क्वचितच पाहिले आहे. जे हाताला येते त्यामागचे गणित कळले की त्या कामाची उंची मुलाच्या मनात एकदम वाढते. गणिताला कंटाळून आलेल्या मुलीनेही त्या दिवशी वडे आणि सोलकढीचा प्रतिताट खर्च स्वतः काढला आणि नारळाच्या रसाचा अंदाज चुकला म्हणून दुसऱ्यांदा काढला.

याच आठवड्यात मुलांनी कोंबडी-वडे, बांगड्याचे तिखले आणि तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके केले, आणि त्याबरोबर पांढरा सॉस, सूप आणि अंड्याचे तीन प्रकारही केले. स्थानिक पदार्थ आणि बाहेरचे पदार्थ शेजारी शेजारी शिकवण्याची ही रीत मला फार शहाणपणाची वाटली. तिरफळ ठेचायचे की अख्खे घालायचे, कोकमाचे आगळ किती घालायचे, हे सगळे मोजून लिहायला लावले होते. ‘अंदाजाने’ हा शब्द वहीत चालणार नाही, असा नियमच होता. शिजवलेले अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जास्त वेळ राहू देऊ नये, हे केवळ सांगण्यापेक्षा तापमापक हातात देऊन कालवणाच्या टोपात बुडवायला लावले, याचेही मला कौतुक आहे.

खोल्यांच्या व्यवस्थेचा भाग चार दिवसांचा होता. चादरीचे कोपरे पंचेचाळीस अंशांत दुमडून गादीखाली घट्ट खोचण्याची पद्धत देवबागच्या मुलीला पहिल्या दिवशी जमेना, तिसऱ्या दिवशी मात्र तिने सहा मिनिटांत पलंग तयार केला आणि पुन्हा एकदा वाकून चादरीवरून हात फिरवला. मोठ्या हॉटेलात एका पाळीत चौदा ते सोळा खोल्या एका माणसाला कराव्या लागतात, हे प्रशिक्षक बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले. कंबर भरून येते, पाय दुखतात, सणासुदीला सुट्टी मिळत नाही, गणपतीला घरी जाता येईलच असे नाही. कोकणातल्या मुलांना यातले शेवटचे वाक्य सर्वांत जास्त लागले, आणि ते लागावे असेच होते. मला वाटते, कष्ट लपवून मुलांना आणले तर हॉटेलातल्या पहिल्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणातच ती परत फिरतात. येथे ते लपवले नाहीत. धुलाईचा भाग तेवढा तोंडी उरकला गेला, कारण हॉटेलचे कपडे बाहेर धुतले जातात.

स्वागतकक्षाच्या शिक्षणाविषयी फार लिहिण्याजोगे नाही. ठरावीक इंग्रजी वाक्ये पाठ करून घेतली जातात आणि मुले ती एका सुरात म्हणतात. मालवणीत सहज गप्पा मारणारी, घरी आलेल्या माणसाला आधी पाणी नि मग विचारपूस करणारी मुले त्या काउंटरमागे गेली की आखडून जातात, हे पाहवत नाही. इंग्रजी यायलाच हवे, त्यात दुमत नाही, कारण हॉटेल व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेला बसण्यासाठीही बारावीला इंग्रजी विषय असणे आवश्यक आहे. पण बोलण्याची उब आधी मराठीत सापडली तर ती इंग्रजीत नेता येते.

माझी खरी तक्रार तिसऱ्या आठवड्यातल्या पाहुण्या वक्त्यांविषयी आहे. बोटीवरच्या नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका मध्यस्थाला दोन तास दिले होते. त्यांनी निळ्या समुद्राची, डेकवरच्या दिव्यांची आणि डॉलरच्या पगाराची चित्रे दाखवली आणि नाव नोंदवण्यासाठी आगाऊ रक्कम भरण्याचे आवाहन केले. त्या दोन मुलांचे चेहरे उजळलेले मी पाहिले, म्हणूनच मला हे सविस्तर लिहिणे भाग आहे. सागरी कामगार करार, २००६ हा आंतरराष्ट्रीय करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला असून त्यानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही, आणि क्रूझवरचे वाढपी, आचारी व खोल्या आवरणारे कर्मचारी हेही त्या अर्थाने खलाशीच असतात. भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. जहाजावर चढण्याआधी जीव वाचवणे, आग विझवणे, प्रथमोपचार यांचे मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. नोकरीचे करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि त्या आंतरराष्ट्रीय कराराने घातलेली कामाची कमाल मर्यादाच दिवसाला १४ आणि आठवड्याला ७२ तासांची आहे. यातले एक अक्षरही त्या दोन तासांत ऐकू आले नाही. मी उठून हे विचारले तेव्हा उत्तर मिळाले नाही, परंतु वर्गाच्या संचालकांनी दुसऱ्याच दिवशी मुलांना एकत्र बसवून कोणीही पैसे भरू नयेत असे स्पष्ट सांगितले. त्यांच्या या तत्परतेची नोंद मी तितक्याच आदराने करते. बोटीवर जावेसे वाटण्यात काही वावगे नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या मुलाला समुद्रापलीकडचे आकर्षण वाटणारच. ते पुऱ्या माहितीनिशी असावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

इथेच राहून काय करता येईल, या प्रश्नावर मात्र एकही व्याख्यान ठेवले नव्हते, ही मला त्याहून मोठी उणीव वाटते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांचा जन्म होण्याआधीपासून पर्यटक या भागात येत आहेत आणि वाढत आहेत. तारकर्लीला स्कूबा शिकवणारी सरकारी संस्था आहे, निवास व न्याहारी योजनेतील घरे किनाऱ्यालगतच्या गावागावांत आहेत. पाऊस लागला की समुद्रातले खेळ बंद होतात आणि खोल्या रिकाम्या पडतात, ही अडचण खरीच आहे. पण त्या चार महिन्यांचे नियोजन कसे करायचे, हेच तर शिकण्यासारखे आहे. देवबागच्या मुलीचा प्रश्न असा होता की पावसाळ्यातल्या कोकणासाठी येणारा पाहुणा वेगळा असतो का. तिला उत्तर देणारे कोणी त्या वर्गात असायला हवे होते.

पालकभोजनाच्या दिवशी मुलांनी चाळीस माणसांचे जेवण रांधले आणि वाढले. पांढरा सदरा, काळी पँट, केस नीट बांधलेले. खानावळीतल्या मुलाने आईच्या डावीकडून ताट ठेवले, उजवीकडून पाणी ओतले आणि तिच्या पुढ्यातून रिकामी वाटी उचलताना ‘घेऊ का?’ असे विचारले. रोज पन्नास जणांच्या वाट्या उचलणाऱ्या त्या बाईची वाटी आजवर कोणी विचारून उचलली नसावी. तिने मान हलवली आणि पदर डोळ्यांना लावला. शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी काही बोलले नाही. निघताना तिने शेफना विचारले की तो तोलण्याचा काटा कुठे मिळतो.

शेवटची उणीव या वर्गाच्या वेळापत्रकातच आहे आणि त्यात माझाही वाटा आहे. हॉटेल व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय परिषदेच्या संस्थांमधील बी.एस्सी. पदवीसाठी राष्ट्रीय पातळीवरची प्रवेश परीक्षा असते, तर राज्यातील चार वर्षांच्या बी.एच.एम.सी.टी. (हॉटेल व्यवस्थापन आणि केटरिंग तंत्रज्ञान) पदवीसाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा असते. या दोन्हींचे अर्ज साधारणपणे थंडीच्या महिन्यांत भरावे लागतात. एप्रिलअखेर सुरू होणारा वर्ग मुलांच्या मनात इच्छा जागी करतो तेव्हा त्या वर्षीचे अर्ज भरून झालेले असतात. माझ्या सहापैकी केवळ गणिताला कंटाळलेल्या मुलीने सीईटीचा अर्ज भरला होता, तोही मैत्रिणीच्या सांगण्यावरून. बाकीच्यांना मी वेळेवर सांगितले नव्हते. आता खानावळीतला मुलगा वर्षभर आईबरोबर राहून पुढच्या हिवाळ्यात अर्ज भरणार आहे. देवबागची मुलगी पाककलेच्या दीड वर्षाच्या कारागिरी अभ्यासक्रमाची चौकशी करत आहे. त्याला दहावी उत्तीर्ण असणे पुरते. हाताने काम आवडणारा मुलगा आयटीआयच्या एक वर्षाच्या ‘फूड प्रॉडक्शन’ या व्यवसायाला अर्ज करतो आहे. बोटीचे स्वप्न घेऊन आलेल्या दोघांपैकी एकाने आधी पदवी घ्यायचे ठरवले आहे, तर दुसऱ्याचा निर्णय अजून झालेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत वर्ग घ्यावा असे मी सुचवले होते, पण त्या दिवसांत हॉटेलच्या सर्व खोल्या भरलेल्या असतात आणि शिकवायला जागाच उरत नाही. म्हणून आम्ही असे ठरवले की पुढच्या उन्हाळ्यात बारावीऐवजी अकरावी संपवलेली मुले पाठवायची, म्हणजे अर्ज भरायला त्यांच्या हातात पुरे आठ महिने राहतील. संचालकांनी त्याला होकार दिला आहे, बोटीच्या व्याख्यानाऐवजी आपल्या किनाऱ्यावर निवास व न्याहारी चालवणाऱ्या दोन कुटुंबांना बोलावण्याचेही मान्य केले आहे आणि शुल्क तेवढेच राहणार आहे.